सुरकुत्यांची इस्त्री

तर काल आपण त्या काळ्या शर्टापाशी थांबलो होतो. मॅनेजर बाईंनी तो पिशवीतून काढला, टेबलावर टाकला आणि घडीबुवाला म्हणाल्या, "याला इस्त्री करायची आहे, पण सुरकुत्या जाता कामा नयेत."

घडीबुवाने शर्ट उजेडाकडे धरला. मग चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं. एखाद्या पेशंटने डॉक्टरला सांगावं की औषध नको, आजार तेवढा थोडा वाढवून द्या, तर डॉक्टर जसा बघेल तसं.

"म्हणजे इस्त्री करायची नाही," तो म्हणाला.

"करायचीय. हा फोटो बघा. डाव्या खांद्यावर तीन सुरकुत्या, कोपरावर ही आडवी, खिशाखाली हा चुरगळा. प्रत्येक कार्यक्रमात अशाच दिसल्या पाहिजेत. आठ शर्ट आहेत. आठही सारखे."

"मग चुरगाळा आणि घाला की. त्याला मी कशाला?"

"दर वेळी वेगळ्या पडतात हो. आणि लोक हल्ली दोन फोटो शेजारी ठेवून बघतात. तीन लाँड्र्या करून झाल्या. एकीने सगळं सपाट करून पाठवलं, वर शाबासकी मागितली."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर चहा पीत होतो. तो चहा नाकातून आला. घडीबुवा मात्र हसला नाही. बाई पिशवी आवरता आवरता सहज बोलून गेल्या, "तुमचा मुलगाच म्हणाला, बापाशिवाय हे कुणाला जमायचं नाही."

बुवाने शर्टावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "ठेवा. गुरुवारी न्या."

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. घडीबुवा म्हणजे आमच्या भागातला इस्त्रीवाला. चार मजली इमारतीच्या जिन्याखाली त्याचं दुकान. पुढे ताठ उभं राहता येईल आणि मागे गेलं की मान वाकवावी लागेल अशी जागा. त्याची मान चाळीस वर्षांत त्या जिन्याच्या मापाची झाली होती, बाहेर रस्त्यावरही तो थोडा झुकूनच चालायचा. टेबलावर घोंगडी, घोंगडीवर चादर, आणि चादरीवर इस्त्री टेकवून टेकवून पडलेला तपकिरी आकार, जसा काही रोज तिथेच एक मासा झोपतो. मी त्या भागात एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचले. मीटर त्याच जिन्याशेजारी होते. निवृत्त झालो तरी पाय तिकडेच वळायचे, म्हणून त्याने मला एक स्टूल देऊन टाकलं. मला अख्खी गल्ली मीटरकाका म्हणते, तोही तेच म्हणायचा.

घडीबुवा हे नाव मात्र मी ठेवलेलं. या माणसाच्या हातात काहीही द्या, तो त्याची घडी करणार. वर्तमानपत्र, विजेचं बिल, चहाच्या पुड्याचा कागद. एकदा खोकला जाईना म्हणून छातीचा एक्स-रे काढला. त्याने तो दुसऱ्या दिवशी चार घड्या करून, खिशातून काढून डॉक्टरपुढे ठेवला. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसं ठणठणीत आहेत, पण हा मधून रस्ता कुठे चाललाय?"

त्याच्या कामाच्या दोन रीती होत्या, त्या नीट लक्षात ठेवा, पुढे लागतील.

पहिली रीत खुणेची. शंभर घरांचे कपडे एका टेबलावर येतात, पांढरे शर्ट सगळे भावासारखे दिसतात. म्हणून तो प्रत्येक घराच्या कपड्याला कॉलरच्या आतून रंगीत दोऱ्याचे टाके घालायचा. माझे दोन निळे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंचा एक लाल, एक हिरवा. वहीबिही काही नाही, सगळं डोक्यात. आणि त्याच्या एकुलत्या एका मुलाचे, शाळेच्या पहिल्या गणवेशापासून, दोन पिवळे.

दुसरी रीत म्हणजे अंगावरच्या कपड्याला इस्त्री लावायची नाही. सगळे इस्त्रीवाले घाईत लावतात. कॉलर वाकडी दिसली की गिऱ्हाईक मान पुढे करतं, खाली फडकं धरून एकदा फिरवली की झालं. हा नाही. एकदा एक गृहस्थ नोकरीच्या मुलाखतीला निघालेले, म्हणाले, "बुवा, बाहीवरून नुसती एकदा फिरवा, रिक्षा उभी आहे." हा म्हणाला, "शर्ट काढा." ते म्हणाले, "अहो, अंगावरच." हा म्हणाला, "काढा." शेवटी ते बनियनवर, वाळत घातलेल्या चादरींच्या मागे उभे राहिले. त्यांचं नशीब असं की मुलाखत घेणाऱ्या साहेबांच्याच बाई कपडे न्यायला आल्या आणि त्यांनी आपली चादर ओढली. नोकरी लागली त्यांना. बाईंनीच घरी जाऊन सांगितलं असणार, माणूस प्रामाणिक आहे, काही लपवत नाही.

ही गोष्ट मी सांगायला लागलो की सगळं दुकान हसायचं. बुवा तेवढा मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायचा. मला वाटायचं, काम आहे हाताशी.

आता मुलगा. मुलगा नऊ वर्षांचा असतानाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितलीय की ती माझ्याच तोंडात गुळगुळीत झाली होती. शाळेचं गॅदरिंग होतं. पोराचं एक गाणं होतं, भरभर बोलून म्हणायचं, मधे श्वास घ्यायला जागा नाही असलं. पिवळा शर्ट शिवलेला. मी मीटर वाचायला गेलो तर पोरगं जिन्याखाली बादलीत मनगट बुडवून उभं. डोळ्यांत पाणी, पण आवाज नाही. मी म्हटलं, "काय रे, काय झालं?" बुवाच म्हणाला, "इस्त्रीला हात लावला त्याने. सांगितलं तर ऐकतो कुठे." पोरगं खाली बघत राहिलं. दवाखान्यात मलम लावलं, पट्टी बांधायला सांगितली, तर पोरगं म्हणालं, नको, शर्टाच्या बाहीत पट्टी मावणार नाही. आणि गेलं स्टेजवर.

मनगटाची आग होत होती. आग झाली की माणूस हात हवेत फिरवतो. याने गाणं म्हणता म्हणता हात फिरवायला सुरुवात केली, हाताबरोबर तोही फिरायला लागला, गरागरा, शब्द मात्र एक चुकला नाही. लोकांना वाटलं, काय नाच बसवलाय. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "ही तर भिंगरी आहे भिंगरी." तेच नाव पडलं. पंधरा वर्षांनी तेच नाव मोठ्या अक्षरांत भिंतींवर लागलं.

भिंगरीची गाणी तुम्ही ऐकली असतील, नसतील तर तुमच्या पोराबाळांनी ऐकली असतील. हरवलेल्या छत्रीचं गाणं, बसमधल्या खिडकीच्या जागेचं गाणं, आई सातव्यांदा हाक मारते त्याचं गाणं. सगळी भरभर, सगळी हसरी. पिवळा कडक शर्ट, गिरकी मारली तरी न मोडणारी घडी. बिस्किटाच्या पुड्यावर त्याचं चित्र होतं. सुरुवातीचे सगळे पिवळे शर्ट बापाच्या हातचे. शनिवारी तो स्वतः यायचा, टेबलावर चढून बसायचा, बापाच्या खिशातली वर्तमानपत्राची घडी काढून मोडायचा आणि म्हणायचा, "बाबा, एक दिवस तुमचीच घडी करून ठेवतो." बुवा म्हणायचा, "उतर खाली, चादर मळते."

पुढे तो दुसऱ्या शहरात गेला. शनिवार महिन्यावर गेला, महिना फोनवर आला, आणि मग फोनही मॅनेजर बाईंचे यायला लागले. तो कामात आहे, तो झोपलाय, तो बरा आहे. भिंगरी ऐकणारी मुलं मोठी झाली, नव्या मुलांना दुसरं काही आवडायला लागलं. एक वर्ष त्याचं गाणंच आलं नाही. म्हणून तर त्या दिवशी बापाशिवाय जमायचं नाही हे वाक्य बुवाने शर्टाबरोबर घरी नेलं. बायकोला ते त्याने तीनदा सांगितलं, असं तिनेच मला सांगितलं.

काम बघण्यासारखं होतं. चाळीस वर्षं सुरकुती मारणारा माणूस ती सुरकुती हाताने घडवत होता. ओल्या बोटांनी खांद्यावर एक चुणी उचलायची, दोन टाचण्या, वरून पातळ फडकं, आणि इस्त्रीचं नुसतं टोक. मग फोटोशी लावून बघायचं. पहिला शर्ट त्याने पाच वेळा मोडला. मी म्हटलं, "बुवा, एवढं कोण बघतंय?" तो म्हणाला, "तो बघेल." आठ शर्ट झाल्यावर त्याने डबी उघडली, पिवळा दोरा ओवला आणि आठही कॉलरींच्या आत दोन-दोन टाके घातले. रीतच होती ती. कुणाचा कपडा हरवू नये.

तीन आठवड्यांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, बुवाची बायको फोन हातात घेऊन दुकानात आली. चपला न घालता आली होती. तिने फोन टेबलावर उभा केला.

पडद्यावर आमचा भिंगरी. डोकं भादरलेलं, डोळ्यांखाली काळं, अंगात तो काळा शर्ट. नावही बदललेलं. इस्त्रीवाल्याच्या पोराने नाव काय घ्यावं, तर डाग. फिरणं नाही, हसणं नाही. एका जागी उभा राहून, डावी बाही वर करून, मनगट पुढे धरून म्हणत होता:

बाप माझा कपडे दाबी, दाबी माझा श्वास,
तापलेल्या लोखंडाला चामडीचा वास.
तुमच्या बापाने नाव दिलं, माझ्या बापाने डाग,
तेच माझं नाव आता, तीच माझी आग.

पुढे बरंच होतं. बाप दारू पितो, बाप कोंडून ठेवतो, बाप रोज तापलेली इस्त्री दाखवून जेवायला बसवतो. बुवाने आयुष्यात दारूचा वास घेतला असेल तर तो गिऱ्हाइकांच्या शर्टांचा. गाणं संपलं. बायको नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. बुवा फोनवर वाकला आणि म्हणाला, "डाव्या खांद्याची तिसरी नीट बसली नाही."

त्यानंतर जे झालं त्याला तुम्ही वाद म्हणा, मी आग म्हणतो. टीव्हीवर चार चौकटींत चार माणसं भांडायला लागली. पालक म्हणाले, आमची पोरं याची गाणी म्हणत मोठी झाली, आता हा त्यांना काय शिकवतोय. बिस्किटवाल्यांनी पुड्यावरचं चित्र काढलं. अर्धे म्हणाले, चालत नव्हतं म्हणून काळे कपडे घातले. अर्धे म्हणाले, बिचाऱ्याने इतकी वर्षं हसून दुःख लपवलं. या दुसऱ्या अर्ध्यांना इस्त्रीवाल्याचं दुकान सापडायला चार दिवस लागले.

शिक्षिकाबाई वीस वर्षांपासूनच्या गिऱ्हाईक. त्या आल्या, आपलं गाठोडं उचललं. बुवा म्हणाला, "बाई, अजून इस्त्री व्हायचीय." त्या म्हणाल्या, "असू दे. तसेच घालीन." शाळेचे गॅदरिंगचे कपडे दर वर्षी त्याच्याकडे यायचे, ते थांबले. लहान मुलाचा हात धरून जाणारी माणसं दुकानासमोर रस्ता ओलांडायची. एका सकाळी शटरला कागद चिकटवलेला, इथे मुलांना भाजतात. बुवाने तो नखाने सोडवला, चार घड्या केल्या आणि खणात ठेवला.

"फाडून टाक की," मी म्हटलं.

"असू दे. अक्षर चांगलं आहे."

आणि तरी महिन्याला पिशवी यायची. बाई येईनाशा झाल्या, ड्रायव्हर आणून टाकायचा. आठ काळे शर्ट. धुतले की सुरकुत्या जातात, त्या पुन्हा घडवायच्या. बुवा घडवायचा. धुताना एखादा टाका निघाला असेल तर तोही पुन्हा घालायचा. एक दिवस बायकोने पिशवीवर हात ठेवला.

"अहो, ज्या शर्टात उभा राहून तुम्हाला शिव्या घालतो, तोच तुम्ही नटवून देताय. लाज वाटू द्या."

"काम आहे."

"जगाचं काम गेलं, हेच एक राहिलं?"

"हो. हेच राहिलंय," बुवा म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. ती पिशवी हीच आता त्याला मुलाकडून येणारी चिठ्ठी होती. धुऊनही उरलेला घामाचा वास त्याचा होता. कॉलर किती झिजली यावरून बुवा मला सांगायचा, वजन उतरलंय, मान बारीक झालीय. एका शर्टाचं बटण तुटलेलं आलं तर म्हणाला, "रागाने काढतो शर्ट. आधी असं नव्हतं."

आता माझी चूक. लपवत नाही, तिच्यावाचून पुढचं समजणार नाही.

एका कार्यक्रमात कुणीतरी जवळून फोटो घेतला. डाग मान वळवून ओरडतोय, कॉलर उलटलीय आणि आत दोन पिवळे टाके स्वच्छ दिसताहेत. झालं. लोकांनी तो फोटो मोठा केला, त्यावर हसले. आत अजून भिंगरीच आहे म्हणाले, जखमेच्या आत बिस्किट आहे म्हणाले. एका वार्ताहराने डोकं चालवलं, की असा टाका घालतं कोण? विचारत विचारत तो आमच्या जिन्यापाशी आला. बुवा बाहेर गेलेला. स्टुलावर मी.

मी त्याला माझ्या कॉलरचे निळे टाके दाखवले. त्याने डोळे मोठे केले. समोर कुणी डोळे मोठे केले की मला थांबता येत नाही, हा माझा जुना आजार. आमच्या गावच्या शाळेत मास्तर मला धडा वाचायला सांगायचे तर मी पुस्तकात नसलेलंही वाचायचो. मी त्याला सगळं सांगितलं. सुरकुत्यांची इस्त्री सांगितली, एक्स-रे सांगितला, आणि शेवटी माझी लाडकी गोष्ट: पोराने स्वतःच इस्त्रीला हात कसा लावला, मनगट कसं फिरवलं आणि भिंगरी नाव कसं पडलं. वार्ताहर लिहून घेत होता. मला वाटत होतं, बुवाचं नाव मी धुऊन काढतोय.

दोन दिवसांनी मॅनेजर बाईंचा फोन आला. बुवाने तो टेबलावर ठेवून ऐकला, म्हणून मलाही ऐकू आला.

"ते टाके तुम्ही घातलेत?"

"हो. सगळ्यांना घालतो. हरवू नये म्हणून."

"आठवडाभर लोक त्याला हसताहेत. दोन कार्यक्रम रद्द झाले. आणि आता कुणीतरी छापणार आहे म्हणे, की तो डागही खोटा आहे. तसं छापून आलं तर संपला तो. कळतंय का तुम्हाला?"

"तो काय म्हणाला?"

"तो काही म्हणाला नाही. यापुढे शर्ट पाठवायचे नाहीत, एवढंच."

फोन बंद झाला. बुवाने डबीतून पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढलं. त्याची घडी करता येत नाही. हातात धरून बसला.

शेवटाच्या आधी शेवटानंतरचं सांगून टाकतो, म्हणजे मग मला शेवटाशी थांबता येईल. आज त्या जिन्याखाली मोबाइलची कव्हरं विकतात. घोंगडी, चादर, तो तपकिरी मासा, सगळं गेलं. बुवाची बायको बहिणीकडे राहायला गेली. भांडून नाही. ती म्हणाली, मला त्या गल्लीतून चालवत नाही. बुवा तिथेच एका खोलीत राहतो. कुणी कपडे देत नाही आणि तो मागत नाही. मी जातो. आम्ही दोघं बसतो, बोलायला मीच लागतो, आणि मलाही हल्ली फार सुचत नाही. मुलगा अजून डाग आहे. ठिकठिकाणी उभा राहतो, बाही वर करतो, लोक ओरडतात. सुरकुत्या आता कशाही असतात, मी नीट बघितलंय. बापाला त्याचा फोन आला नाही, वार्ताहराचा अंक निघाल्यावरही नाही. भिंगरीची ती गोष्ट मी त्यानंतर एकदाही सांगितली नव्हती. आज सांगितली, ती शेवटपर्यंत सांगायची म्हणून.

तर वार्ताहर दुसऱ्यांदा आला. दुपारची वेळ. दुकानात बुवा, बायको आणि मी. टेबलावर माझाच पांढरा शर्ट होता, तेवढंच काम उरलेलं. वार्ताहर चांगला पोरगा होता, चपला बाहेर काढून आत आला.

"काका, मीटरकाकांनी मला सगळं सांगितलंय," तो म्हणाला. "पण ते त्या वेळी नंतर आले होते. मला तुमच्या तोंडून हवंय. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की मुलाने स्वतः इस्त्रीला हात लावला. बाकी मी बघतो. उद्या छापून येईल, परवा लोक माफी मागायला येतील."

"आणि तो?" बुवाने विचारलं.

"त्याने खोटं गायलं, काका. त्याला उत्तर द्यावं लागेल."

"सांगा अहो," बायको म्हणाली. "बावीस वर्षं मी सगळ्यांना तेच सांगत आले, की पोराने चटका लावून घेतला. तुम्हीच मला सांगितलेलं. आता एकदा या माणसालाही सांगा. मला मान वर करून भाजी आणायची आहे."

मीही म्हटलं, "बुवा, खरं ते बोलायला कसली भीती?"

बुवाने इस्त्री उभी केली. बटण बंद केलं. माझ्या शर्टाची एक बाही व्हायची राहिली होती, ती त्याने तशीच राहू दिली. असं मी त्याला कधी करताना पाहिलं नव्हतं. मग तो टेबलाला टेकून, जिन्याच्या मापाने मान वाकवून बोलला. वार्ताहराने ते छापलं, पण त्यातलं पहिलंच वाक्य छापलं, कारण तसंच त्याला सांगितलं होतं. बाकीचं आम्हा तिघांच्या कानांत आहे. मी एक शब्द इकडचा तिकडे केलेला नाही. तो म्हणाला:

"लिहून घ्या, डाग मी दिला. उशीर झाला होता, शर्ट त्याच्या अंगात होता, बाही वाकडी दिसली, मी म्हटलं हात पुढे कर, आणि अंगावरच फिरवली. फडकं सरकलं. पोरगं ओरडलंसुद्धा नाही, कारण मी नेहमी सांगायचो, इस्त्रीपाशी हलायचं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं, तर मी म्हटलं, याने हात लावला, ऐकत नाही. तो माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग कधी बघितलं नाही तसं. तुम्ही डाग मी दिला एवढंच छापा. दारू नव्हती, कोंडणं नव्हतं, ते छापू नका, त्याला ते लागेल पोटापाण्याला. आणि डॉक्टरांपुढे मी खोटं बोललो, तेही छापू नका. ते त्याने गाण्यात घातलेलं नाही. सगळं खोटं घातलं, ते एक खरं होतं, ते नाही घातलं त्याने."